खताचे अनुदान कोणाच्या खात्यात जाते?

‘खताचे अनुदान शेतकऱ्याच्या बँक खात्यात यायला हवे, पण ते मधल्यामध्ये कोणीतरी गिळते,’ असा निरोप पऱ्हाटीला (कपाशीला) खत देण्याच्या दिवसांत विदर्भात गावोगावी फिरतो. खत घेताना आधार क्रमांक आणि अंगठा घेतला जातो, त्यात योजनेचे नावच ‘थेट लाभ हस्तांतरण’. तेव्हा असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र २०१८ पासून देशभर लागू असलेल्या या पद्धतीत, कृषी केंद्रातील पॉस यंत्रावर विक्रीची नोंद झाल्यानंतर अनुदान खत कंपनीला दिले जाते आणि शेतकऱ्याला त्याचा लाभ कमी किमतीच्या रूपाने गोणी घेतानाच मिळालेला असतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची २६६ रुपये ५० पैसे ही किंमत अनुदान वजा जाऊनच ठरलेली आहे. म्हणून पासबुक तपासण्यापेक्षा यंत्राची पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरील गोण्यांची संख्या बरोबर आहे का आणि तिच्यावरील किंमत गोणीवर छापलेल्या किमतीशी जुळते का, हे ताडून पाहावे.