सगळं असूनही रितं का वाटतं: एका जुन्या शोधाची पार्श्वभूमी

"सगळं आहे, पण काहीतरी कमी आहे" हे वाक्य हल्ली इतक्यांदा कानावर पडतं की हे दुखणं ईएमआय आणि ऑनलाइन शॉपिंगच्या जमान्यातलंच असावं असं वाटतं. तसं नाहीये. ही तक्रार जवळजवळ नाण्यांइतकीच जुनी आहे. नाणी सगळ्यात आधी पाडली गेली ती आजच्या तुर्कस्तानात, लिडिया नावाच्या राज्यात, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपास, आणि पुढच्या दोनतीनशे वर्षांत ग्रीस, गंगेचं खोरं, चीन सगळीकडे नाणी रुळली, बाजार वाढले, शहरं फुगली, आणि बघा, साधारण याच काळात याच प्रदेशांत बुद्ध, महावीर, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस होऊन गेले. नाणी आली म्हणून ही माणसं आली असं सरळसोट गणित कुणी मांडू नये. पण जिथे कुळाचा आणि गावाचा आधार सैल झाला आणि माणूस रोज अनोळखी लोकांशी हिशोबाने बोलायला लागला, तिथेच "हे सगळं कशासाठी" हा प्रश्न जोरात उठला एवढं दिसतं.

यातलं बुद्धाचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण तिथे अर्थ आणि सोबत हे दोन्ही शोध एकाच जागी आहेत. घर सोडून एकटा निघालेला राजपुत्र ही गोष्ट आपल्याला पाठ असते, पण ज्ञान मिळाल्यावर त्यांनी केलं काय, तर संघ उभा केला. भिक्षूकडे स्वतःच्या म्हणून आठच वस्तू: तीन चीवरं (भिक्षूची वस्त्रं), भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. अन्न उद्यासाठी ठेवून द्यायचं नाही. म्हणजे रोज सकाळी पात्र घेऊन वस्तीत जायचं, कुणाच्यातरी दारात उभं राहायचं. हा नियम नुसता त्यागाचा नाही, लोकांशी नातं तुटू नये याची ती पक्की तजवीज आहे. पाली ग्रंथांत एक छोटासा संवाद येतो, बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो की चांगल्या माणसांची मैत्री म्हणजे निम्मं धर्मजीवनच, आणि बुद्ध त्याला तिथेच थांबवतात, असं म्हणू नकोस आनंदा, निम्मं नाही, सगळंच.

आणि पैशाला हाकलून लावलं होतं असंही नाही. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाचं एक शिल्प आता कोलकात्याच्या म्युझियममध्ये आहे, त्यात अनाथपिंडिक हा व्यापारी संघासाठी जेतवन नावाची बाग विकत घेतोय. जेवढी जमीन नाण्यांनी झाकली जाईल तेवढी घ्यायची असा सौदा होता म्हणे, म्हणून शिल्पात एक बैल सोडलेली गाडी आहे आणि माणसं जमिनीवर चौकोनी नाणी एकाला एक लावून अंथरतायत. दोन हजार वर्षांपूर्वी हे दगडात कोरून ठेवावंसं वाटलं म्हणजे पैशाचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाही किती जवळचा असेल!

पुढेही बऱ्याचदा हा शोध दुकानाच्या आतूनच सुरू झालेला दिसतो. असिसीचा फ्रान्सिस हा ख्रिस्ती संत म्हणजे कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. इटलीतली शहरं व्यापारावर गब्बर होत होती त्या काळात, १२०६ च्या सुमारास, त्याने बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाला परत केले, आणि तीनचार वर्षांत त्याच्याभोवती साथीदारांचा संघ जमला होता. तुकोबांच्या घरात वाणसामानाचा धंदा आणि सावकारी. १६३० च्या भयंकर दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको गेली, आणि परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा हिस्सा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची तेवढी खतं इंद्रायणीत बुडवली. दुसऱ्याच्या पोटाला हात न लावता फक्त स्वतःचं सोडायचं, ही वाटणी मला फार बोलकी वाटते. आणि सोडून ते एकटे कुठे राहिले, कीर्तनात लोकांमध्येच उभे राहिले.

एकोणिसाव्या शतकात मात्र अर्थ आणि सोबत ही जोडी तुटायला लागली. कारखान्यांमुळे युरोपात माणसं खेड्यांतून शहरात आली, पगार मिळाला पण आपल्याला नावाने ओळखणारं माणूस आसपास राहिलं नाही. त्याच सुमाराला खरेदीचं रूप बदललं. १८५२ पासून पॅरिसमध्ये आरिस्टिद बूसिको यांनी ल बॉन मार्शे हे दुकान वाढवलं, किमती ठरलेल्या, घासाघीस नाही, आत फिरायला कुणी अडवणार नाही, आवडलं नाही तर माल परत. सोय मोठीच होती, पण यातून खरेदी म्हणजे गरज भागवणं न राहता वेळ घालवायचा आणि स्वतःला घडवायचा एक मार्ग झाली. एमिल दुरखाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्यांचे आकडे तपासले तेव्हा त्याला एक धक्कादायक गोष्ट दिसली, आर्थिक संकटात आत्महत्या वाढतात हे समजू शकतं पण अचानक भरभराट झाली तरी त्या वाढतात. त्याचं म्हणणं असं की माणसाच्या हव्यासाला मर्यादा घालणारी चौकट ही समाजाची असते, ती ढिली झाली की कितीही मिळालं तरी पुरत नाही. सव्वाशे वर्षं झाली या निरीक्षणाला, अजून ते जुनं वाटत नाही.

अमेरिकेत थोरो हा लेखक १८४५ ते १८४७ वॉल्डन तळ्याकाठी झोपडीत राहिला, त्याचं नाव निघालं की लोकांना एकांतच आठवतो. पण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की घरात तीन खुर्च्या होत्या, एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी आणि तीन समाजासाठी, आणि गाव चालत जाण्याइतकं जवळ होतं. त्याचा एकांत आपण उचलला आणि बाकीच्या खुर्च्या विसरलो!

विसाव्या शतकाचं थोडक्यात सांगते. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये हप्त्यांवर गाड्या देण्यासाठी स्वतःची फायनान्स कंपनी काढली, मग दर वर्षी नवीन मॉडेल आलं, चालू असलेली वस्तू जुनी वाटावी यासाठी जाहिराती आल्या. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे डॉक्टर नाझी छळछावण्यांतून जिवंत परत आले, आणि त्यांच्या १९४६ च्या पुस्तकानंतर आयुष्याला अर्थ असणं ही मानसिक गरज आहे हा विचार सगळीकडे पोचला. आठवडाभर कामात बुडालेल्या माणसाला रविवारी मोकळा वेळ मिळाला की आतली पोकळी कशी जाणवते हेही त्यांनी मांडलं. १९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढत गेलं तरी लोकांचं समाधान त्या प्रमाणात वाढत नाही, यावर अर्थतज्ज्ञांचे वाद आजही चालू आहेत, आणि वाद व्हायलाच हवा, कारण गरिबीत समाधान असतं असा सोयीस्कर अर्थ यातून कुणी काढला तर तो गरिबांवर अन्याय आहे.

मग १९६० नंतर पश्चिमेतले तरुण पुन्हा ध्यानधारणेकडे वळले, १९७९ मध्ये जॉन कॅबट-झिन यांनी मॅसेच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचा, कोर्स सुरू केला आणि त्याचा खूप पेशंटना खरा उपयोग झाला, ते नाकारायचं नाही. पण तिथून ही गोष्ट अ‍ॅपमध्ये आणि ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये जाईपर्यंत तिच्यातला संघ मागे पडला. राहिला एकटा माणूस, डोळे मिटलेला, कानात इअरफोन. हा मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा तोटा वाटतो.

उलट दिशेने गेलेलं एक उदाहरण सांगितलंच पाहिजे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस एका फसलेल्या सौद्यानंतर हॉटेलच्या लॉबीत उभा होता, दारू सुटून थोडेच महिने झालेले, एका बाजूला बार आणि एका बाजूला फोन. त्याने फोन उचलला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवत गेला, आणि त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ या दुसऱ्या दारूग्रस्त माणसाची गाठ पडली. आपण दुसऱ्याला सावरायला गेलो की आपणही टिकतो हे त्यांना कळलं आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. पुढे त्यांनी नियम केला की बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत, खर्च सदस्यांनीच भागवायचा, म्हणजे पैसा आणि मालमत्ता मूळ कामाच्या आड येणार नाही.

आता सरकारंही जागी झालीत. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये, अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याने, २०२३ मध्ये यावर जाहीर इशारा दिला. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने २०१९ पासून मोठ्या प्रमाणावर लिंक वर्कर नेमायला घेतले, डॉक्टर पेशंटला त्यांच्याकडे पाठवतात आणि ते त्याला बागकामाच्या, गाण्याच्या, चालण्याच्या ग्रुपशी जोडून देतात. हे चांगलंच आहे. पण ग्रुपमध्ये नेऊन बसवणं वेगळं आणि तिथे आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय असं वाटणं वेगळं, आणि ही दुसरी गोष्ट चिठ्ठीवर लिहून देता येईल का याचं उत्तर अजून कुठल्याच खात्याला सापडलेलं नाही.