जागा रोकणं: सतरंजीपासून खुर्चीपर्यंत

पुण्याकडे जागा ‘धरतात’, आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं ती ‘रोकतो’. शब्द हिंदीतला, पण रीत जुन्या बैठकीतली.

दरबारात जागा रोकायचा प्रश्नच नव्हता. कोणी कुठे बसायचं ते मानाप्रमाणे ठरलेलं असे. ‘आधी येईल तो पुढे बसेल’ हे कळलं ते देवळातल्या कीर्तनात आणि उरुसात. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत महंमद घौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनची समाधी आहे. तिथे १९२४ साली, माधवराव शिंद्यांच्या काळात, आजच्या तानसेन समारोहाची, म्हणजे गाण्याच्या उत्सवाची, सुरुवात झाली. आजही आरंभ हरिकथा आणि मिलादनं (पैगंबरांच्या स्तुतिपर पठणानं) होतो, आणि ऐकायला तिकीट लागत नाही.

सतरंजीवरच्या जागेला हद्द नसते, म्हणूनच तिथे जागा रोकणं कुणाला खुपत नसे. डिसेंबरची थंडी, अंगावरची शाल घडी करून शेजारी ठेवायची. मागून कुणी आजी आल्या की “जरा सरका हो” म्हणायचं, मांडी आवळायची, आणि दोघींच्या जागेत तिघी बसायच्या. शाल ठेवणाऱ्यानं दुसऱ्याचं काही घेतलेलं नसे. मला ही बैठक फार मोलाची वाटते, कारण उशिरा येणाऱ्यालाही तिच्यात ठाव होता.

नाटकानं वेगळी वाट धरली. विष्णुदास भाव्यांच्या मंडळीनं १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. पुढे खुर्चीवर नंबर आले आणि नाट्यगृहापुरता वाद मिटला.

अडचण झाली ती या दोहोंच्या मधे. कार्यक्रम फुकट, पण मांडवात खुर्च्या. नंबर नाही आणि सरकायची सोयही नाही. खुर्ची मोजून एकाचीच असते. ओळीत चार शाली टाकल्या की चार माणसं उभी राहतात. आम्ही मात्र सतरंजीची सवय तशीच खुर्चीवर आणली. गेल्या हिवाळ्यात एका मैफलीत एक वयस्क गृहस्थ खांबाला टेकून अख्खा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ऐकत उभे होते. समोर तीन खुर्च्यांवर रुमाल होते आणि ज्यांच्यासाठी ते टाकले होते, ती मंडळी जलद लयीतला द्रुत ख्याल सुरू झाल्यावर आली. मला त्या गाण्यातलं फारसं काही आठवत नाही, ते गृहस्थ आठवतात.

तेव्हापासून आमच्या घरी ठरलंय: माणसामागे एकच जागा रोकायची, आणि तंबोरे जुळले की शाल उचलायची.