दृष्टिहीनांचा घरगुती स्वयंपाक

स्पर्श, आवाज, वास आणि ठरलेला क्रम यांच्या आधारे घरी स्वयंपाक करण्याची पद्धत आणि त्यासाठी लागणारी साधने. गोव्यातल्या स्वयंपाकघरात या पद्धतीची गाठ नारळ, मासळी, उकडा तांदूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांच्याशी पडते. बोलका वजनकाटा, बोलका तापमापक अशी उपकरणे आता मिळतात आणि ती उपयोगी आहेत. पण सुरक्षितता मुख्यतः क्रमातून येते: भांडे थंड असताना जे उरकता येईल ते आधी उरकायचे, विस्तव सर्वांत शेवटी. घरची माणसे मायेपोटी अंध व्यक्तीला गॅसपासून दूर ठेवतात. प्रत्यक्षात धोका निर्माण होतो तो कोणी न सांगता हलवलेल्या झाऱ्यामुळे, ओट्याबाहेर आलेल्या कढईच्या दांड्यामुळे किंवा उघड्या राहिलेल्या विळीमुळे. या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

मांडणी आणि खुणा

प्रत्येक वस्तूची जागा एकच असावी आणि ती घरातल्या सर्वांनी पाळावी. शेगडीच्या उजवीकडे कोरडा कपडा आणि चिमटा, डावीकडे गरम भांडे टेकवण्यासाठी मोकळी जागा, अशी मांडणी सोयीची पडते. डब्यांना ब्रेल पट्ट्या लावता येतात. ब्रेल येत नसेल तर रबरबँड पुरतात: मिठाला एक, साखरेला दोन. पावसाळ्यात चिकटवलेल्या पट्ट्या सुटतात, म्हणून जाड प्लास्टिकवर ब्रेल उठवून ती पट्टी दोऱ्याने बरणीच्या गळ्याला बांधावी. खूण झाकणावर कधीच नसावी, कारण झाकणे बदलतात. हळद आणि तिखट स्पर्शाने ओळखू येत नाहीत, आणि वासाने ओळखायला जावे तर तिखटाने ठसका लागतो. या दोन डब्यांचे आकारच वेगळे ठेवावेत.

बुरशी दिसत नाही, हे दमट हवेत विशेष लक्षात ठेवण्यासारखे. वाटप, खोवलेले खोबरे, उरलेले हुमण (मासळीची आमटी) यांचा वास बिघडेपर्यंत थांबू नये. भांडे कोणत्या दिवसाचे हे खुणेने ठरवावे आणि ओले खोबरे बाहेर ठेवूच नये.

शेगडी

गॅसवर भांडे आधी, ज्योत नंतर. थंड भांडे जाळीवर ठेवून दोन्ही हातांनी त्याचा काठ आणि जाळीचे दांडे चाचपून ते मधोमध आहे का पाहावे, दांडा ओट्याच्या आतल्या बाजूला वळवावा, मग बर्नर पेटवावा. स्वयंचलित पेटणारी शेगडी लायटरपेक्षा बरी, कारण एक हात भांड्यावरून सुटत नाही. पेट घेतल्याचा ‘भप्प’ आवाज येतो आणि पाठोपाठ हाताला ऊब लागते. नुसता सुस्कारा ऐकू आला तर बटण लगेच बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. लगेच पुन्हा पेटवायला गेल्यास साठलेला गॅस एकदम भडकतो. बटणावर ‘बंद’ आणि ‘मंद’ या दोन जागी उंचवट्याचे ठिपके लावले की ज्योत न पाहता कमी-जास्त करता येते.

घरगुती सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. त्याला वास यावा म्हणून मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. शंका आली तर वाकून खालची हवा हुंगावी. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता बाहेर पडून गॅसगळतीसाठीच्या 1906 या क्रमांकावर कळवावे.

इंडक्शन शेगडीला ज्योत नसते आणि भांडे उचलताच ती तापवणे थांबवते, म्हणून ती अंधांसाठी उत्तम असे सांगितले जाते. ते खरे, पण अर्धेच. सपाट काचेवरची स्पर्शबटणे हाताला सापडत नाहीत आणि ओला हात लागला तर भलतेच चालू होते. दाबायची बटणे असलेला नमुना निवडावा. तो मिळाला नाही तर उंचवट्याचे ठिपके स्पर्शबटणांच्या शेजारी लावावेत, त्यांच्यावर नकोत. बूड चुंबकाला चिकटेल असेच भांडे चालते, म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप आणि मातीचे कुंडले बाद. भांड्याच्या उष्णतेने काच तापलेली राहते, तेव्हा ती पुसायची घाई नको. शिवाय गोव्यात पावसाळ्यात वीज जाते, आणि 1800 ते 2000 वॅटची शेगडी घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. गॅसची सवय मोडू नये.

चुलीवरचा स्वयंपाक मात्र एकट्याने करू नये. निखारा कुठे उडाला हे कळण्याचा मार्ग नाही, आणि फुंकणीने फुंकताना तोंड आगीच्या फार जवळ जाते.

मोजणे आणि ओतणे

पाणी थंड असतानाच मोजून भांड्यात घालावे. पिण्याचाच कप माप म्हणून वापरला की चहा उतू जायचा प्रश्न निम्मा सुटतो. गाळताना कप ताटात ठेवून ताट सिंकमध्ये ठेवावे आणि भांड्याची चोच गाळणीच्या कडेला टेकवून ओतावे. थंड द्रवासाठी कपाच्या काठाआत बोट पुरते. गरम द्रवासाठी काठावर अडकवायचा पातळी-सूचक मिळतो. त्याच्या तारा द्रवात बुडाल्या की विजेचे मंडल पूर्ण होऊन तो वाजतो. तेल वीज वाहून नेत नाही, म्हणून तेलात तो मुळीच वाजत नाही. तेल नेहमी चमच्यानेच मोजावे. मीठ बाटलीतून शिंपडू नये, पसरट तोंडाच्या बरणीत चमचा बुडवून बोटाने सपाट करून घ्यावे. मोजून टाकायच्या जिन्नसांची गोव्याच्या स्वयंपाकात चांगली सोय आहे. बांगड्याच्या हुमणात आठ-दहा तिरफळे, पाच-सहा आमसुले, हे बोटांनीच होते.

उकड्या तांदळाची पेज गाळणे हे घरातले सर्वांत धोक्याचे काम. उकळता टोप उचलून झाकण आडवे धरून ओतण्याची रीत सोडून द्यावी. गॅस बंद करून टोप दहा मिनिटे जागेवरच ठेवावा, शेजारच्या पातेल्यावर चाळणी ठेवून झाऱ्याने भात तिच्यात काढावा, पेज टोपातच राहू द्यावी. वेळ जास्त लागतो, पण उकळते पाणी उचलावे लागत नाही.

कुकर आवाजाने बोलतो. लावण्यापूर्वी शिटीची नळी फुंकून मोकळी आहे का पाहावे, रिंगवरून बोट फिरवून ती सगळीकडे बसली आहे का तपासावे. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये, भात किंवा डाळ असेल तर निम्म्याच्या वर नाही, नाहीतर फेस नळीत अडकतो. शिटी न होता कडेने सतत फुसफुस येत राहिली तर वाफ गळते आहे. पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व्ह वितळण्याआधी गॅस बंद करावा. शिटी चिमट्याने किंचित उचलल्यावर आवाज आला नाही तरच झाकण उघडावे, आणि उघडताना त्याची आपल्यापासून दूरची कड उचलावी, म्हणजे वाफ अंगावर न येता समोर जाते.

नारळ, विळी, मासळी

विळीचे पाते एका जागी स्थिर असते आणि दोन्ही हात भाजीवर असतात. त्यामुळे सरावलेल्या अंध व्यक्तीला ती सुरीपेक्षा सोयीची वाटू शकते. नियम दोनच: पात्याकडे हात नेहमी खालून, पाटावरून सरकवत न्यायचा, आणि उठण्यापूर्वी पाते मिटायचे, मग दारात कोणी हाक मारत असले तरी. सुरी वापरताना भाजी धरणाऱ्या हाताच्या बोटांची टोके आत वळवावीत आणि पात्याची बाजू पेरांना टेकलेली ठेवावी.

नारळ फोडण्यासाठी आधी तीन डोळे चाचपावेत. डोळे आणि दुसरे टोक यांच्या बरोबर मध्ये येणाऱ्या आडव्या रेषेवर, नारळ तळहातावर फिरवत, कोयत्याच्या मागच्या बोथट बाजूने ठोके द्यावेत. भरीव ‘टक्’चा ‘थप्प’ झाला की तडा गेला. खोवताना खवणीचा मऊ आवाज खरखरीत झाला की करवंटी आली. तिथे थांबावे, नाहीतर वाटपात करवंटीचे कण येतात.

मासळी बाजारातूनच कापून आणावी. सुंगटे (कोळंबी) सोलताना आधी डोके मोडावे, कारण त्यावरचा टोकदार काटा बोटात घुसतो. पाठीवर उथळ चीर देऊन नखाने आतड्याचा धागा ओढला की तो सलग येतो. बांगडे तळण्यापूर्वी टिपून कोरडे करावेत, कारण पाणी राहिले की तेल उडते. तव्यावर दोन चमचे तेल तापवून रव्याचे चार दाणे टाकावेत. बारीक, सलग चुरचुर आली की तेल तयार. गॅस मंद करून तुकडा लांब चिमट्याने आपल्यापासून दूरच्या दिशेला आडवा करावा. तुकडे घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी ठेवले की शोधावे लागत नाहीत. तीन-चार मिनिटांनी चुरचुर बारीक होते. चिमट्याने ढकलल्यावर तुकडा सरकला तर उलटावा. चिकटला असेल तर अजून कवच धरलेले नाही, ओढल्यास मोडेल. भरपूर तेलात तळताना कढई एक-तृतीयांशाच्या वर भरू नये, बाह्या कोपरापर्यंत झाकणारे हातमोजे घालावेत आणि ओढणी किंवा पदर खोचलेला असावा.

शिकण्याचा क्रम

विस्तव नसलेला पदार्थ पहिला. सोलकढी त्यासाठी योग्य आहे: आठ-दहा आमसुले कपभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवणे, खोबऱ्याचे दूध काढणे, गाळणे. यात मोजणे, पिळणे आणि ओतणे तिन्ही येते. पुढे चहा, मग कुकर, मग फोडणी, आणि तळणे सर्वांत शेवटी. जानेवारी 2023 मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा महोत्सव भरला आणि अपंगत्वाच्या विषयावर तिथे उघडपणे बोलले गेले. स्वयंपाकघरातले शिक्षण मात्र घरोघरीच व्हायला हवे.

भाजल्यास तो भाग लगेच वाहत्या, साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नये. अंगठी आणि बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. फोड किती मोठा आहे हे चाचपून ठरवू नये, डोळस माणसाकडून पाहून घ्यावे, आणि चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल तर 108 ला फोन करावा.