कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील बिघाड: निदान आणि दुरुस्ती

मोटारगाडीच्या इंजिनातून निघणाऱ्या विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारा, इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पाठ्यपुस्तकांत त्याला उत्प्रेरक परिवर्तक म्हणतात, गॅरेजमध्ये कन्व्हर्टर किंवा नुसते कॅट. त्याच्या दुरुस्तीचा सारा भार निदानावर असतो, कारण हा भाग स्वतःच्या दोषाने क्वचितच मरतो. बहुधा इंजिनच त्याला मारते. मारेकरी न शोधता नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. ही नोंद पेट्रोल गाड्यांपुरती आहे. डिझेल गाड्यांतील रचना वेगळी असते.

पोलादी डब्याच्या आत सिरॅमिकचा ठोकळा असतो. तो उजेडाकडे धरला की मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक, आरपार छिद्रे दिसतात. एका चौरस इंचात साधारण ४००. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे ज्वलन पुरे करणे हे मुख्यतः पहिल्या दोन धातूंचे काम, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून ऑक्सिजन काढून घेणे ऱ्होडियमचे. दोन्ही कामे एकाच वेळी साधायची तर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहावे लागते. प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तरी थरातील सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवून आणि सोडून वेळ निभावतो. निदानाची किल्ली या साठवणीतच आहे. कन्व्हर्टर सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो, म्हणून थंड गाडीवर घेतलेल्या चाचणीला अर्थ नसतो.

इंजिनातून येणारी घाण कन्व्हर्टरला काय करते, हे त्याच्या जन्मापासून ठाऊक आहे. फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री यांना १९५६ मध्ये अमेरिकेत अशा कन्व्हर्टरचे पेटंट मिळाले, पण त्या काळी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे उत्प्रेरकाला निकामी करत असे. शिसेविरहित पेट्रोल आल्यावरच, अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून, त्याचा सर्रास वापर सुरू झाला. आज शिशाची जागा इतर विषांनी घेतली आहे: जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस, हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या वरच्या जोडातल्या सीलमधून) झिरपणाऱ्या कूलंटमधले सिलिकेट, चुकीच्या जागी लावलेले सिलिकॉन सीलंट. दुसरा मारेकरी उष्णता. एखादा सिलिंडर मिसफायर होऊ लागला, म्हणजे त्यातले पेट्रोल नीट पेटेनासे झाले, की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि ठोकळा वितळतो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ हाच, आणि तेव्हा गाडी रेटणे म्हणजे कन्व्हर्टर जाळणे. तिसरे कारण मार: दगडाचा तडाखा किंवा तप्त डब्यावर एकदम पडलेले पाणी.

बहुतेक तक्रारी पी०४२० या कोडने, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेल्या आणि स्कॅनर जोडून वाचता येणाऱ्या बिघाडाच्या क्रमांकाने, सुरू होतात. व्ही रचनेच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी०४३० येतो. कोडचा अर्थ एवढाच की संगणकाला कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेल्यासारखी वाटते. तो हे ठरवतो कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे बसवलेल्या, वायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरांवरून. जुन्या धाटणीच्या पुढच्या सेन्सरचा आलेख स्कॅनरवर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली नाचताना दिसतो. मागच्या सेन्सरचा आलेख मात्र, इंजिन तापलेले आणि वेग स्थिर असताना, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहायला हवा, कारण मधले चढउतार साठवणीने पचवलेले असतात. मागची रेघही पुढचीसारखी नाचू लागली की साठवण संपली असे समजावे. तरीही लगेच पाना उचलू नये. नळीच्या जोडाला किंवा मॅनिफोल्डला (सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला) बारीक तडा असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हाच आलेख दिसतो. थंड इंजिन चालू करून जोडांजवळची फटफट ऐकावी, काजळीचे डाग शोधावेत. मग मिसफायरचे कोड, इंधनाची दुरुस्ती टक्केवारी (संगणक पेट्रोल किती टक्क्यांनी कमीजास्त करतो ते), ऑइलचा खप आणि कूलंटची पातळी तपासावी. हा क्रम उलटा करण्याची घाई सर्वांत महाग पडते.

तुंबलेल्या कन्व्हर्टरची लक्षणे वेगळी असतात. गाडी चढावर दम टाकते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग येत नाही, कधी सुरू होऊन लगेच बंद पडते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावणे ही खात्रीची चाचणी. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) दाब साधारण दीड पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असावा. त्यापलीकडे काटा चढत गेला तर पुढे वाट बंद आहे. थंड डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर खुळखुळा वाजला तर ठोकळा फुटला आहे. सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. इंजिन जादा पेट्रोल ओढत असल्याची ती खूण असू शकते.

वितळलेला, फुटलेला किंवा विषबाधा झालेला ठोकळा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. टाकीत ओतायच्या क्लीनरने थोडी काजळी गेली तर गेली, उडालेला धातूंचा थर परत येत नाही. ठोकळा फोडून डबा रिकामा करणे किंवा मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला वायूच्या प्रवाहापासून दूर ठेवणारा तुकडा) लावून संगणकाला फसवणे बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि श्वास घेणाऱ्या प्रत्येकावर अन्याय आहे.

नवा डबा बसवताना त्यावरचा बाण वायूच्या प्रवाहाच्या दिशेला ठेवावा, गॅस्केट नवे घ्यावे आणि सेन्सरला चालेल असे लिहिलेल्या सीलंटखेरीज काही लावू नये. काम गाडी पूर्ण थंड झाल्यावर, जॅकस्टँडवर टेकवून करावे. इंजिन चालू ठेवून चाचणी करायची तर उघड्यावर, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जुना डबा भंगारात फेकू नये, त्यातील धातू पुनर्वापरासाठी परत मिळवता येतात. कोड पुसल्यावर दिवा विझतो, पण तपासणी पुरी झालेली नसते. थंड सुरुवात, स्थिर वेग आणि थांबे यांची फेरी मारल्यावर स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे संगणकाने स्वतः केलेली कन्व्हर्टरची तपासणी, पूर्ण झाल्याचे दिसते. तोवर मागच्या सेन्सरची रेघ सपाट राहिली असेल तर गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.