व्हीगन बाळं आणि बी-१२: वादामागचा इतिहास

लहान बाळांना व्हीगन आहार, म्हणजे मांस-मासेच नव्हे तर दूध-अंडीही वर्ज्य असलेला, द्यावा की नाही, हा वाद अजून चालू आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी काढली, तेव्हा मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळणारं बी-१२ नावाचं जीवनसत्त्व कुणाला ठाऊकच नव्हतं. ते १९४८ मध्ये यकृताच्या अर्कातून वेगळं काढलं गेलं. दूध-अंडी सोडणाऱ्या त्या पहिल्या पिढीला आपल्या ताटातून नेमकं काय जातंय, हे कळायला मार्गच नव्हता. पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश व्हीगन मंडळींमध्ये जीभ सोलवटणं, हातापायांना मुंग्या येणं अशा तक्रारी नोंदल्या जाऊ लागल्या. पण ही सगळी मोठी माणसं. त्यांच्या यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो. तान्ह्या बाळाकडे असतं ते आईकडून मिळालेलं तेवढंच.

हे स्पष्ट झालं ते आपल्याकडे, वेल्लोरला. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर या डॉक्टरांनी १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात काही बाळांचं वर्णन केलं. वय वर्षाच्या आतबाहेर, सगळी अंगावर पिणारी. मान धरलेली, बसायला लागलेली ही मुलं हळूहळू सुस्त पडत गेली होती. हसणं थांबलं होतं, हातापायांची कातडी काळवंडली होती, हातपाय आपोआप हलायचे आणि रक्त कमी होतं. आयांच्या रक्तात बी-१२ कमी, म्हणून दुधातही कमी. बी-१२ दिल्यावर मुलं सुधारली. या बायकांनी व्हीगन हा शब्दसुद्धा ऐकला नसेल. गरिबी आणि रूढी यांनी मिळून तो आहार ठरवला होता. इतकं स्वच्छ निदान छापून आल्यावरही पाश्चात्त्य जगात ते ‘भारतातला आजार’ म्हणूनच वाचलं गेलं असावं, असं मला वाटतं. कारण १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्हीगन आईचं सहा महिन्यांचं, निव्वळ अंगावर पिणारं बाळ कोमात गेल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा तिकडे धक्का बसला.

पुढे दोन समुदायांच्या अभ्यासांनी वादाला खरा आकार दिला. नेदरलँड्समध्ये मॅक्रोबायोटिक (धान्य-भाज्यांवर भर देणाऱ्या आहाराच्या) पंथाची कुटुंबं मुलांना हातसडीच्या तांदळाची पेज, भाज्या, डाळी, समुद्री शेवाळ असं देत. दूध नाही, तेल जेमतेम, ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब नाहीत. ऐंशीच्या दशकात तिथल्या वाखेनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की वरचं अन्न सुरू झाल्यापासून दीड वर्षापर्यंत या मुलांची वाढ मागे पडते. बी-१२ कमी होतंच, शिवाय मुडदूस आढळला आणि हिवाळ्यात त्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पेज पोट भरते, पण पाणी आणि चोथाच जास्त असेल तर एवढ्याशा पोटात ऊर्जा किती जाणार?

त्याच सुमारास अमेरिकेत टेनेसीतल्या ‘द फार्म’ या वसाहतीतली ४०४ मुलं मोजली गेली. हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक मुलं व्हीगन, पण तिथल्या सोयादुधात बी-१२ मिसळलेलं असे. एक ते तीन वर्षांची मुलं जरा बुटकी होती. दहाव्या वर्षापर्यंत फरक जेमतेम एका सेंटिमीटरच्या आत आला. दोन्हीकडे प्राणिजन्य अन्न जवळपास नव्हतं, आणि निकाल मात्र इतके वेगळे. म्हणजे आहार कसा आखला, यावर बरंच अवलंबून होतं. तरीही वाद आजवर बहुधा ‘व्हीगन हवं की नको’ एवढ्यावरच घातला जातो.

संस्थांची मतंही त्यामुळे एकसारखी नाहीत. अमेरिकन आहारतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षं ‘नीट आखलेला व्हीगन आहार बाल्यावस्थेतही चालतो’ असं म्हटलं. जर्मन पोषण संस्थेने २०१६ मध्ये बाळांसाठी नको म्हणून सांगितलं आणि २०२४ मध्ये ती भूमिका सौम्य केली. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१७ मध्ये डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाची देखरेख व पूरक बी-१२ या अटी घातल्या. मला ही शेवटची भूमिका सगळ्यांत व्यवहार्य वाटते.

महाराष्ट्राचा धागा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा मागोवा घेतला. सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि या काही व्हीगन नव्हत्या. दूध घरात होतं, पण ते बरंचसं चहापुरतं. ज्या आयांमध्ये फॉलेट (फॉलिक ॲसिड ज्याचं एक रूप, ते ब गटातलं जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. सरकारी दवाखान्यात गरोदरपणी मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं.