माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस

बीबीसीने १९६९ ते १९७४ या काळात दाखवलेली ब्रिटिश विनोदी मालिका. नावात सर्कस असली तरी तंबू नाही, वाघसिंह नाहीत, आणि माँटी पायथन नावाचा कोणी इसमही नाही. अर्ध्या अर्ध्या तासाचे एकूण ४५ भाग; पहिल्या तीन पर्वांत तेरा-तेरा, चौथ्यात सहा. आज मराठी वाहिन्यांवर ज्याला सर्रास स्किट म्हणतात, तशा छोट्या प्रहसनांचा हा कार्यक्रम. त्याची कीर्ती अतर्क्य, तिरपागड्या कल्पनांसाठी आहे, आणि ती खोटी नाही. पण तिरपागड्या कल्पना त्याआधीही पुष्कळांना सुचत होत्या. या मंडळींनी प्रहसनाचा शेवटच काढून टाकला, हे त्यांचे खरे काम.

मंडळी सहा. ग्रॅहॅम चॅपमन, जॉन क्लीझ आणि एरिक आयडल केंब्रिजचे. टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन ऑक्सफर्डचे. सहावे टेरी गिलियम हे अमेरिकेतल्या मिनेसोटाचे चित्रकार. चॅपमन डॉक्टरकी शिकलेले, क्लीझ कायदा शिकलेले, जोन्स मध्ययुगीन इतिहासाचे वेडे. पाचही इंग्रज-वेल्श गडी ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’ या १९६६ साली सुरू झालेल्या कार्यक्रमासाठी लिहीत होते आणि पुढे दोन-तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांत विखुरले होते. बीबीसीचे विनोदविषयक सल्लागार बॅरी टूक यांनी त्यांना एकत्र आणले. नमुन्याचा भाग वगैरे न मागता बीबीसीने थेट तेरा भाग देऊन टाकले. दूरचित्रवाणीच्या कचेऱ्यांत अशी बेफिकिरी पुन्हा क्वचितच दिसली असेल.

या वंशावळीचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा, अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). वडील लष्करात, लहानपणाची काही वर्षे पुण्यात गेली, शाळाही तिथल्याच कॉन्व्हेंटची. मोठेपणी इंग्लंडात त्यांनी बीबीसी रेडिओसाठी ‘द गून शो’ लिहिला (१९५१ ते १९६०), आणि पायथन मंडळी तो ऐकत वाढली. १९६९ च्या मार्चमध्ये मिलिगन यांचा ‘क्यू फाइव्ह’ दूरचित्रवाणीवर आला, तेव्हा यांना जरा धक्काच बसला. आपण जे करायचे ठरवतो आहोत ते नगरच्या या गृहस्थांनी आधीच करून ठेवले आहे! त्यावर मंडळींनी व्यवहारी तोडगा काढला : ‘क्यू फाइव्ह’चे दिग्दर्शक इअन मॅक्नॉटन यांनाच आपल्याकडे घेतले. सुरुवातीचे काही भाग सोडले तर जवळजवळ सगळी मालिका त्यांच्या हातची आहे.

मिलिगन यांच्याकडून उचललेली मुख्य गोष्ट अशी. प्रहसन म्हटले की शेवटी हमखास टाळी घेणारे एक वाक्य लागते. आपले स्किटवाले त्याला पंच म्हणतात. पंच पडला की दिवे जातात आणि पुढचे स्किट सुरू होते. लिहिणाऱ्याची निम्मी शक्ती या एका वाक्यापायी खर्च होते, आणि चांगले रंगलेले प्रहसन पुष्कळदा तिथेच आपटते. पायथन मंडळींनी ठरवले की पंच नकोच. विषयातला रस संपला की माणूस सरळ चौकटीबाहेर निघून जाईल; नाहीतर डोक्यावर सोळा टनांचे वजन पडेल; नाहीतर चिलखतातला सरदार येऊन हातातली सोललेली कोंबडी एकाच्या टाळक्यात हाणील. लष्करी गणवेशातले चॅपमन कर्नल बनून येत आणि ‘फार बावळटपणा चालला आहे, बंद करा’ असा हुकूम सोडत. एका प्रहसनातले पात्र तिसऱ्याच प्रहसनात डोकावे. श्रेयनामावली भागाच्या मध्येच येई. पहिला भाग ५ ऑक्टोबर १९६९ ला, रविवारी रात्री अकराच्या सुमारास दाखवला गेला. एवढ्या उशिरा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांपैकी काहींना आपला संचच बिघडला असे वाटले असल्यास नवल नाही.

नाव ठरायलाही असाच घोळ झाला. ‘घुबड ताणण्याची वेळ’, ‘घोडा, चमचा आणि घंगाळ’ अशी नावे विचारात होती. बीबीसीच्या कागदोपत्री आतल्या आत ‘फ्लाइंग सर्कस’ हे शब्द रुळले, मग ही सर्कस कोणाची एवढेच ठरवायचे उरले. माँटी पायथन हा नाटक कंपनीचा कुणी लबाड दलाल वाटावा, अशी त्यामागची कल्पना.

पद्धत बघायची तर मेलेल्या पोपटाचे प्रहसन घ्यावे (७ डिसेंबर १९६९). क्लीझ यांचे गिऱ्हाईक पिंजरा घेऊन दुकानात येते. अर्ध्या तासापूर्वी विकत घेतलेला पोपट मेलेला आहे, अशी त्याची तक्रार. पेलिन यांचा दुकानदार शांतपणे सांगतो की पोपट विश्रांती घेतोय. गिऱ्हाईक पोपट काढते, त्याच्या कानाशी ओरडते, गल्ल्याच्या लाकडावर आपटते, हवेत फेकते. तो दगडासारखा खाली पडतो. दुकानदाराचे चालूच : दमलाय, नॉर्वेच्या खाड्यांच्या आठवणीने झुरतोय, पिसारा काय सुंदर आहे बघा. दांडीवर तो बसलेला दिसत होता, कारण पाय खिळ्याने ठोकले होते. मग गिऱ्हाईक मरणाचे जेवढे म्हणून वाक्प्रचार इंग्रजीत आहेत ते एका दमात ओतते. वारला, खपला, गचकला, आटोपला, मान टाकली, राम म्हटला, कैलासवासी झाला, अशी माळ कुणी संतापाने पण व्याकरण न सोडता म्हणून दाखवावी, तसा हा प्रकार. प्रहसनाचे भाषांतर मात्र आजवर मला कुठेच जमलेले दिसले नाही. या माळेनंतर पंचाची जागा चालून आलेली असते. तिथे काय होते? बोल्टन गावातल्या दुकानात जा म्हणतात, तिथे तोच दुकानदार खोटी मिशी लावून उभा, गाव बोल्टन की इप्सविच यावर वाद, आणि शेवटी गिऱ्हाईक स्वतःच म्हणते की हे आता फारच बावळट होत चालले आहे, मी पुढे चौकशी करणार नाही. कर्नल येतात, दुजोरा देतात. संपले. या प्रहसनाचे बीज साधे होते : पेलिन यांना गाडी विकणारा एक विक्रेता गाडीतला कुठलाच दोष कबूल करत नसे.

यात पोपटाइतकाच महत्त्वाचा तो गल्ला. पायथनांचा वेडेपणा नेहमी शिस्तीच्या ठिकाणी घडतो : दुकान, बँक, मंत्रालय, बातम्यांचा स्टुडिओ, दवाखाना. माणसे कोट-टाय घालून, अदबीने, पूर्ण वाक्यांत बोलतात. ‘विचित्र चालींचे मंत्रालय’ (१५ सप्टेंबर १९७०) हे त्याचे उत्तम उदाहरण. काळा सूट, गोल हॅट, हातात बॅग घेतलेले सहा फूट पाच इंचांचे क्लीझ रस्त्याने पाय डोक्यापर्यंत उडवत, गुडघे भलतीकडेच वळवत कचेरीत येतात; चेहरा मात्र आठ-सतराची लोकल पकडणाऱ्याचा. आत पेलिन आपली विचित्र चाल विकसित करण्यासाठी सरकारी अनुदान मागायला बसलेले. चाल तपासून साहेब म्हणतात, उजवा पाय तर मुळीच विचित्र नाही. मग अंदाजपत्रकाचे रडगाणे : संरक्षण, आरोग्य, शिक्षण, गृहनिर्माण आणि विचित्र चाली या सगळ्यांना सारखाच पैसा मिळायला हवा, पण मिळत नाही. चाल काढून टाकली तरी संवाद कुठल्याही खऱ्या खात्यात खपेल. २०२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात तेरा धडधाकट माणसांना या चालींनी चालवून बघितल्याचा एक खरा प्रयोग छापून आला. क्लीझ यांच्या चालीला नेहमीच्या चालीच्या सुमारे अडीच पट ऊर्जा लागते, असा निष्कर्ष निघाला.

लेखन जोड्यांनी होई. क्लीझ आणि चॅपमन एकत्र लिहीत; त्यांच्याकडून दोन माणसांची चढत जाणारी हमरीतुमरी येई. पेलिन आणि जोन्स यांच्याकडून दृश्ये आणि लहरी कल्पना. आयडल एकटेच, शब्दांशी खेळत. मग सगळे जमून आपापले कागद मोठ्याने वाचत. बाकीचे हसले तर ठेवायचे, नाही तर टोपलीत. गिलियम यांना कोणी काही सांगत नसे. जुनी कोरीवचित्रे, व्हिक्टोरिया राणीच्या काळचे फोटो कात्रीने कापायचे, रंगाचा फवारा मारायचा आणि कॅमेऱ्याखाली तुकडे हाताने इंचाइंचाने सरकवायचे, असे त्यांचे काम चाले. दोन प्रहसनांमधली दरी हीच चित्रे भरून काढत. मालिकेच्या शीर्षकात आभाळातून पडून सगळे चिरडणारा गुबगुबीत पाय त्यांचाच. तो घेतलाय लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या ब्रोंझिनो या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या चित्रातून. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मदनाचा हा पाय आहे. शीर्षकसंगीत म्हणजे अमेरिकन संगीतकार सूझा यांची १८९३ ची ‘द लिबर्टी बेल’ ही बँडची धून. ती घेण्याचे एक कारण रोकडे होते : स्वामित्वहक्क संपला होता, पैसे पडणार नव्हते.

सगळ्यात छोट्या तुकड्यांत मत्स्य-चपराक नृत्य मोडते. टेडिंग्टन इथे थेम्सच्या जलपाशाच्या (बोटी वरखाली करण्यासाठी पाणी भरायच्या-सोडायच्या दारबंद कुंडाच्या) काठावर पेलिन आणि क्लीझ, डोक्यावर शिकारी टोप्या. पेलिन ठुमकत पुढे येतात, दोन इवल्या माशांनी क्लीझ यांच्या गालावर टिचक्या मारतात, मागे जातात. असे काही वेळा. मग क्लीझ एक दांडगा मासा काढतात आणि एकाच फटक्यात पेलिन पाण्यात. तालमीच्या वेळी पाणी काठाशी होते. चित्रीकरणापर्यंत जलपाश रिकामा होऊन पातळी बरीच खाली गेली होती, त्यामुळे पडणे ठरले होते त्यापेक्षा पुष्कळ लांबले.

बायकांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करत : डोक्याला रुमाल, हातात पर्स, आणि किनऱ्या आवाजात सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञावर वाद घालणाऱ्या गृहिणी. खऱ्या स्त्रीची गरज लागली की कॅरल क्लीव्हलंड येत, पण त्यांच्या वाट्याला बहुतेकदा दिसणेच आले. मालिकेची ही बाजू आज खटकते, आणि परदेशी माणसांची काही सोंगेही. चौथ्या पर्वात क्लीझ नव्हते. नावही नुसते ‘माँटी पायथन’ उरले होते, आणि रंगही उतरला होता. ५ डिसेंबर १९७४ ला मालिका थांबली.

अमेरिकेत ती १९७४ मध्ये डॅलसच्या सार्वजनिक वाहिनीवरून पोचली. पुढच्या वर्षी एबीसी या व्यापारी वाहिनीने नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमातली चोवीस मिनिटे जाहिरातींसाठी आणि सोवळेपणापायी कापली. मंडळी कोर्टात गेली. १९७६ चा निकाल त्यांच्या बाजूने लागला : लेखकाच्या संमतीवाचून असे तुकडे पाडणे हक्कभंग ठरू शकते. बावळट विनोद करणाऱ्यांच्या नावावर कायद्याच्या पुस्तकातला हा गंभीर खटला जमा आहे. चित्रपटांची कथा वेगळी आणि मोठी आहे. ‘लाइफ ऑफ ब्रायन’ला (१९७९) ऐनवेळी पैसा दिला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी, आणि नॉर्वेत त्यावर बंदी आली, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

मालिकेने भाषेत सोडलेली खूण रोज आपल्या मोबाइलवर दिसते. १५ डिसेंबर १९७० च्या एका प्रहसनात खानावळीतल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम, म्हणजे डबाबंद डुकराचे मांस, घातलेले असते. युद्धाच्या रेशनिंगमध्ये इंग्रजांनी ते खाऊन खाऊन वीट येईपर्यंत खाल्ले होते. शेजारच्या टेबलावरचे व्हायकिंग ‘स्पॅम स्पॅम’ असा घोष सुरू करतात आणि बोलणेच ऐकू येईनासे होते. संगणकवाल्यांनी नको असलेल्या संदेशांच्या लोंढ्याला तोच शब्द लावला. नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात लिहायला घेतलेल्या संगणकीय भाषेचे पायथन हे नावही इथलेच. बोधचिन्हात साप असल्याने हिंजवडीत रोज ती लिहिणाऱ्या अनेकांना ते सापाचेच वाटते.

चॅपमन ४ ऑक्टोबर १९८९ ला, मालिकेच्या विसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कर्करोगाने गेले. जोन्स यांना पुढे स्मृतिभ्रंशाने ग्रासले. त्यांचे निधन २०२० साली झाले. उरलेले पाचजण जुलै २०१४ मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात दहा प्रयोगांसाठी एकत्र आले होते. शेवटच्या रात्री पडद्यावर चॅपमन यांच्या जन्ममृत्यूची साले आली, मग ‘माँटी पायथन, १९६९–२०१४’ अशी, आणि त्याखाली प्रेक्षकांना उद्देशून, सभ्य मराठीत सांगायचे तर, ‘आता टळा’.