फॅन बेल्ट एक नंबर लहान घ्यावा का?

एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, की गाडीचा जुना बेल्ट ताणून लांब झालेला असतो म्हणून नवा घेताना थोडा लहान घ्यायचा, उरलंसुरलं टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बघून घेतो.

ऐकायला पटतं, कारण बेल्ट खरंच ढिला वाटतो. पण आजकालचे ईपीडीएम रबरचे बेल्ट आतल्या दोऱ्यांमुळे फारसे ताणले जात नाहीत, झिजतात ते खाचांमध्ये, मग बेल्ट पुलीत खोल बसतो आणि लांब झाल्यासारखा वागतो. म्हणजे नवा बेल्ट मूळ मापाचाच हवा.

माप बेल्टच्या पाठीवर छापलेलं असतं. समजा ६पीके१७५० लिहिलंय, तर ६ धारा (बेल्टच्या आतल्या बाजूला लांबीभर जाणाऱ्या उंच रेघा), पीके म्हणजे धारांचा प्रकार (दोन धारांत ३.५६ मिमी अंतर), आणि १७५० मिमी लांबी. अक्षरं पुसली असतील तर दोरी लावून मोजत बसू नका, चुकतंच ते, चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या. आणि एसी आहे की नाही तेही सांगा, त्याच इंजिनला बिनएसीचा बेल्ट बऱ्याचदा वेगळ्या लांबीचा असतो. आधीच कुणी चुकीचा बसवला असेल तर जुन्यावरचा नंबरही चुकीचाच, म्हणून पार्ट नंबरशी जुळवलेलं बरं.

बसवल्यावर टेन्शनरवरची खूण बघा, बऱ्याच गाड्यांत असते, काटा दोन रेघांच्या मध्ये हवा. लहान बेल्टने तो एका टोकाला जातो आणि अल्टरनेटर, वॉटर पंपाच्या बेअरिंगवर ताण येतो. काही गाड्यांत तर टेन्शनरच नसतो, तिथे अंदाजाला जागाच नाही.